तीन महिन्यांत नाही हो, आणि पाणी बंद करून तर नाहीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका बॉडीबिल्डर मुलाचा फोटो छापलात, वर मोठ्या अक्षरात "तीन महिन्यांत सिक्स पॅक", आणि खाली चौकटीत त्याचं शेवटच्या आठवड्याचं रुटीन, त्यात "स्पर्धेआधी ३६ तास पाणी पूर्ण बंद" अशी एक ओळ. फोटो छान आहे, मुलाची मेहनत दिसतेय, त्याच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ती ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच गार झाला, कारण हा सगळा प्रकार आत्ताच जानेवारीत मी माझ्या घरात बघून बसलेय.

आधी सांगते मी कोण. मी दांडिया बाजारात राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २७ वर्षं टेक्निशियन आहे, म्हणजे दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि आकडे बघायचे हेच काम. आमचे चिरंजीव २४ वर्षांचे, चार वर्षं जिमला जातात, आणि यंदा पहिल्यांदा जिल्ह्याच्या अमॅच्युअर स्पर्धेत उतरले. चार वर्षं बरं का. तुमच्या मथळ्यातले तीन महिने म्हणजे फक्त चरबी उतरवायचे असणार, खालची बॉडी आधी बांधलेली असते ती कोण मोजणार. आमच्याकडे तर नुसतं उतरवायलाच १८ आठवडे लागले, ७९ किलोवरून ७० च्या आसपास, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. याहून घाई केली की चरबीबरोबर मसल पण जातात, हे त्यानेच मला सांगितलं, आणि बरोबरच आहे.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं. आता बडोद्यात राहणाऱ्यांनी हिशोब करा, मध्ये नवरात्र, मग दिवाळी, मग उत्तरायण, उंधियो-जलेबी, चिक्की, सगळं याच १८ आठवड्यांत. गरब्याला गेला तर रात्री एक वाजता सगळे मित्र सेव उसळ खायला आणि हा डब्यातून उकडलेलं चिकन काढून खातोय. दिवाळीत मी चकल्या तळत होते तर म्हणाला, "आई, मी दोन तास बाहेर जाऊन येतो गं, वासाने वेड लागेल मला."

रोजचं १५० ग्रॅम प्रोटीन. ऐकायला सोपं वाटतं, करायला घेतलं की कळतं. ८ अंड्यांचा पांढरा भाग आणि २ अख्खी अंडी, ३०० ग्रॅम चिकन, ५० ग्रॅम सोयाबीन वडी, एक स्कूप व्हे प्रोटीनची पावडर, वर डाळ-ताक. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोनच घरं अंडं खाणारी, त्यामुळे पहाटे साडेपाचला एक्झॉस्ट लावून अंडी उकडायची, आणि टरफलं पेपरात गुंडाळून ऑफिसला जाताना बाहेरच्या कचऱ्यात टाकायची (माफ करा, तुमच्याच पेपरात). तरी एकदा वरच्या मजल्यावरच्या बेननी जिन्यात विचारलंच, "शेनी वास आवे छे?" मी म्हटलं लॅबमधून आलेय ना, केमिकलचा असेल. स्वभावाने फार चांगल्या आहेत, त्यांना समजलं असणार. राहता राहिले रोजचे ८ पिवळे बलक. पहिले दोन आठवडे आमच्या ह्यांनी भुर्जी करून आवडीने खाल्ले, मग मी त्यांचं कोलेस्टेरॉल काढलं आणि बलक बंद झाले, ते आता समोरच्या गल्लीतली कुत्री खातात, त्यांचं अंग काय चकाकायला लागलंय म्हणून सांगू.

किचनमधली एक गंमत सांगते कारण नवीन मुलांना उपयोगी पडेल. जिमच्या सरांनी चार्टमध्ये लिहिलं होतं, तांदूळ १०० ग्रॅम. हा रोज शिजलेला भात १०० ग्रॅम मोजून खायचा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम होतो हो! म्हणजे जेवढं खायचं त्याच्या तिसरा हिस्सा खात होता, दोन आठवडे, आणि जिममध्ये चक्कर का येते म्हणून विचार करत बसलेला. शेवटी मीच वजनकाट्यावर पातेलं ठेवून दाखवलं. तेव्हापासून आमच्याकडे सगळं कच्चंच मोजतात, आणि तो काटा अजून ओट्यावरच आहे.

ऑक्टोबरात मी त्याचं रक्त तपासलं तर लिव्हरच्या टेस्ट वाढलेल्या, एसजीओटी ८४, एसजीपीटी ६०. जिममध्ये सगळ्यांनी घाबरवलं, लिव्हर गेलं, आता अमुक टॉनिक घे. मी विचारलं काल काय केलंस, म्हणाला लेग डे, म्हणजे पायांचा जड व्यायाम. मग सीपीके लावलं, ती स्नायूंची टेस्ट, ते १९०० आलं, खूपच जास्त, आणि जीजीटी, जी लिव्हरची, ती नॉर्मल. एसजीओटी-एसजीपीटी लिव्हरमध्ये असतात तसे स्नायूंमध्ये पण असतात, जोरात व्यायाम केला की रक्तात उतरतात. पाच दिवस विश्रांती देऊन परत केलं तर सगळं जवळजवळ जागेवर. तेव्हा मुलांनो, टेस्टच्या आधी चार-पाच दिवस जड व्यायाम करू नका आणि लॅबवाल्याला सांगा की तुम्ही जिमला जाता, नाहीतर नसत्या औषधांचे पैसे जातात.

पोझिंगचं कुणी बोलतच नाही. मला वाटायचं, बॉडी आहे, उभं राहायचं, झालं. तसं नसतं. सात पोझ ठरलेल्या असतात, पुढून डबल बायसेप्स, पुढून लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, मग पाठमोरं परत ते दोन्ही, साइड ट्रायसेप्स, शेवटी पोट आणि मांड्या. जज म्हणतील तोपर्यंत धरून ठेवायचं, सगळं अंग आवळलेलं आणि चेहऱ्यावर हसू. गोदरेजच्या कपाटाच्या आरशासमोर डिसेंबरच्या थंडीत चड्डीवर उभा, बाबा मोबाइलवर वीस सेकंद मोजतायत, आणि याच्या कपाळावरून घाम गळतोय, मांडी अशी थरथरतेय की मी दारातून बघितलं आणि परत आत गेले. हसायचं मात्र शेवटपर्यंत विसरायचा. बाबा ओरडायचे, "अरे, दात दुखतोय का तुझा?"

आता मुख्य गोष्ट. शेवटच्या आठवड्यात जिमच्या सरांनी व्हॉट्सअॅपवर चार्ट पाठवला. सोमवार-मंगळवार १० लिटर पाणी, मग कमी करत करत शुक्रवार सकाळपासून शून्य, मीठ पूर्ण आठवडा बंद, आणि खाली "१ गोळी रात्री", नाव नाही. गोळी त्याच्या बॅगेत सापडली. पाणी काढायची गोळी हो, फ्युरोसेमाइड, जी आमच्याकडे हार्ट फेल्युअरचे पेशंट डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतात, आणि त्यांचं पण पोटॅशियम आम्ही सारखं तपासतो. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये लागतं, त्याच्या खाली घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हे कुणी आजारी म्हाताऱ्याला होतं आणि पैलवानाला होत नाही असं काही नसतं. मोहम्मद बेनाझीझा नावाचा मोठा व्यावसायिक बॉडीबिल्डर १९९२ मध्ये हॉलंडमध्ये स्पर्धा संपल्यावर लगेच वारला, वय ३३. ऑस्ट्रियाचा आंद्रेयास म्युंझर १९९६ मध्ये, ३१ व्या वर्षी. दोन्ही वेळेला या पाणी काढणाऱ्या औषधांचा विषय निघालाच, म्युंझरच्या वेळी बाकीची औषधंही होती. ही जगातली टॉपची माणसं. आमचा तर जिल्ह्यात पहिल्यांदा उतरतोय.

गोळी मी घेऊन टाकली. खूप भांडण झालं. "तुला काही कळत नाही, स्टेजवर सगळे ड्राय येणार आणि मी एकटा पाण्याने भरलेला दिसणार" असं म्हणाला (ड्राय म्हणजे कातडीखाली पाणी न दिसता स्नायू उठून दिसणं), आणि दार लावून घेतलं. १८ आठवडे कमी खाऊन माणूस चिडचिडा होतोच, ते मी धरलं नाही. पण पाण्याचं शास्त्र उलटं आहे हे मी दाराबाहेरून सांगत होते. स्नायूचा पाऊण भाग पाणीच असतं. शेवटच्या दोन दिवसांत ही मुलं भात-बटाटा भरपूर खातात, कार्ब लोडिंग म्हणतात, ते ग्लायकोजेन होऊन स्नायूत साठतं आणि एका ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत घेऊन बसतं, त्यानेच स्नायू फुगलेला दिसतो. म्हणजे एका हाताने भात भरायचा आणि दुसऱ्या हाताने पाणी तोडायचं, मग ते फुगणार कशाने? बंद पाण्यात मुलं स्टेजवर चपटी दिसतात आणि म्हणतात कार्ब कमी पडले.

माझे सासरे ८६ वर्षांचे, लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब केलेले, तिथले गुरू राजरत्न माणिकराव यांना त्यांनी लांबून का होईना डोळ्यांनी पाहिलंय. त्याच आखाड्यात शिकून डभोईचे योगी कुवलयानंद पुढे लोणावळ्याला गेले आणि कैवल्यधाम ही योगाची संस्था काढली, हे ते आल्यागेल्याला सांगतात. ते कानाला हात लावून विचारत होते, "पाणी नाही प्यायचं? आखाड्यात पाण्याशिवाय?" त्यांना समजावता समजावता नातवाला स्वतःलाच हसू आलं. तरी प्यायला नाही. शनिवारी रात्री दोन वाजता किंकाळी आली, मांडीत गोळा आलेला, पाय सरळ होईना. ह्यांनी पाय धरला, मी लिंबू-साखर-मीठाचं पाणी केलं, तो रडत रडत दोन ग्लास प्यायला. मीठ टाकलंस का म्हणून विचारलं सुद्धा नाही.

सकाळी वजन ७०.६. सत्तर किलोपर्यंतच्या गटात नाव दिलेलं, म्हणजे ६०० ग्रॅम जास्त. सर म्हणाले जॅकेट घालून पळ, बाटलीत थुंकत राहा, अर्ध्या तासात उतरेल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, मी ७५ मध्ये उतरतो." त्या गटात सगळ्यात बारीक तोच होता, नंबर आला नाही, पण सातही पोझ पूर्ण धरल्या, आणि डबल बायसेप्सला चक्क हसला.

स्टेजच्या मागे मी आत जाऊन आले, आयांना कुणी अडवत नाही. तिथे वीसेक मुलं, सगळी टॅन, म्हणजे अंगाला लावायचा गडद रंग, लावून काळीकुट्ट, कारण त्या लाइटमध्ये गोरी कातडी धुतल्यासारखी दिसते आणि कट्स, म्हणजे स्नायूंमधल्या रेषा, दिसत नाहीत. एक पोरगा, असेल एकोणीसचा, जमिनीवर आडवा, दोन्ही पोटऱ्या गोळा झालेल्या, चौघं जण चोळतायत. पाण्याचा जग नाही, डॉक्टर नाही, प्रथमोपचाराची पेटी विचारली तर माइकवाल्याने खांदे उडवले. माझ्या पर्समध्ये ओआरएसची पाकिटं होती म्हणून बरं. तो पोरगा पिताना घाबरत विचारत होता, "मावशी, कट्स जातील का?"

म्हणून संपादक साहेब, दोन गोष्टी मागते. एक, ती ३६ तासांची ओळ तुम्ही पुढच्या रविवारी दुरुस्त करा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, हवं तर एखाद्या किडनीच्या डॉक्टरांना विचारून. दुसरं आयोजकांसाठी, तुमच्या पेपरातून पोचेल म्हणून. एवढी बक्षिसं, ढोल, पाहुण्यांचे हार परवडतात तर स्टेजमागे पिण्याचं पाणी, ओआरएस आणि एक डॉक्टर पण ठेवा, आणि एंट्री फॉर्मवर स्पष्ट छापा की वजन जास्त भरलं तर वरच्या गटात उतरता येतं. अर्ध्या मुलांना हे माहीतच नसतं, ती आपली बाटलीत थुंकत बसतात.

पुढच्या वर्षी परत उतरणार म्हणतोय, ७५ मध्येच, नीट भरून. माझी हरकत नाही, काटा ओट्यावर आहेच.

जाता जाता, त्या टॅनचा रंग काकांनी फोमच्या रोलरने लावला होता, भिंत रंगवतात तसा, आणि आमचे चिरंजीव रात्री तसेच झोपले. पांढऱ्या चादरीवर अख्खा माणूस उमटलाय, दोन्ही हात पसरलेला. लिंबू, सोडा, ऊन सगळं करून झालं. कुणा वाचकाला उपाय माहीत असेल तर तुमच्या पत्रव्यवहारात जरूर कळवावा.

आपली,
एका स्पर्धकाची आई
दांडिया बाजार, बडोदे