परवा फोनवर 'हो' म्हणालो, ते चुकलं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "बाबा, हळू भूकंप म्हणजे चांगलाच ना? ताण गुपचूप निघून जातो, मग मोठा भूकंप कशाला येईल?" मी घाईत होतो. 'हो, तसंच काहीसं' म्हणून फोन ठेवला. रात्री वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की मी तुला जवळजवळ उलटं सांगितलंय. शाळेत तू माझं नाव घेऊन ते ठणकावून सांगण्याआधी हे पत्र पोचावं.

जुन्या टेबलाचा डावा खण आठवतो? दमट हवेत फुगून बसायचा. तू दोन्ही हातांनी ओढत राहायचीस, तो ढिम्म. आणि मग एकदम पेन्सिलींसकट अंगावर! नेहमीचा भूकंप असाच. दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, एकमेकांना घासत सरकू पाहतात, मध्येच अडकतात, शेकडो वर्षं ताण साठत जातो आणि एका क्षणी सुटतो. त्यांच्यामधली भेग सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने फाटत जाते. पुढे आजीने खणाच्या कडांना मेणबत्ती घासली. मग तो जरा सरकायचा, अडायचा, पुन्हा सरकायचा, पण धाडकन कधी आला नाही. हळू भूकंप हा त्यातला प्रकार. जे सरकणं काही सेकंदांत उरकलं असतं, त्याला तो काही आठवडे लावतो. मेक्सिकोच्या गेरेरो भागात तर सहा-सहा महिने.

जमीन हादरतच नाही, तर कळलं कसं? ही गोष्ट मला फार आवडली. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर जीपीएस केंद्रं आहेत. समुद्रातला भूपट्ट खंडाखाली घुसताना वरच्या जमिनीलाही सोबत रेटतो, त्यामुळे व्हिक्टोरिया शहराजवळचं केंद्र वर्षाला साधारण एक सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतं. १९९९ साली एकाएकी त्या भागातली सात केंद्रं मागे फिरली. काही आठवड्यांत जेमतेम पाच मिलिमीटर. तिथले शास्त्रज्ञ हर्ब ड्रॅगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला, तर जमिनीखाली ३०-४० किलोमीटरवर, सुमारे ३०० किलोमीटर लांब आणि ५० रुंद पट्टा दोन सेंटिमीटर सरकला होता. एवढी हालचाल एका झटक्यात झाली असती तर ६.७ तीव्रतेचा भूकंप ठरला असता. वरच्या माणसांना पत्ताही नाही. मग जुन्या नोंदी चाळल्या, तर असं दर चौदा महिन्यांच्या आसपास होतच होतं. आलेख अगदी करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

जपानमध्ये हेच दुसऱ्या वाटेने सापडलं. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तिथे देशभर अतिशय संवेदनशील भूकंपमापक बसवले गेले. त्यांच्या नोंदींत एक मंद थरथर दिसायची. सुरुवात नेमकी कुठे, शेवट कुठे, काही कळू नये अशी. बाजूने ट्रक गेला की जशी उमटते तशी. कुणीही ती गोंगाट म्हणून सोडून दिली असती. तिथले भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारा यांच्या लक्षात आलं की तीच थरथर दूरदूरच्या केंद्रांवरही जुळत्या वेळेला उमटतेय. एक ट्रक एवढ्या ठिकाणी कसा जाईल? ती खोल जमिनीखालून येत होती. २००२ साली त्यांनी ते छापलं, आणि पुढच्याच वर्षी कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की त्यांच्याकडे जमीन मागे सरकते तेव्हाही अशीच थरथर चालते.

आता मेणबत्तीचं. तिथे ते काम बहुधा पाणी करतं. खाली जाणाऱ्या खडकातल्या खनिजांत पाणी कोंडलेलं असतं. उष्णतेने आणि दाबाने ते सुटतं, त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि त्याच्या दाबाने भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून किंचित उचलल्यासारख्या होतात. भेग इतकी हलकी होते की भरती-ओहोटीच्या तालावरही ही थरथर कमी-जास्त होते. पस्तीस किलोमीटर खडकाच्या ओझ्याखाली असलेल्या भेगेला चंद्राची ओढ जाणवते! हे वाक्य मी दोनदा वाचलं.

आता तुझा प्रश्न. हळू भूकंपात ताण निघतो हे खरं, पण फक्त जिथे सरकलं तिथला. त्याच्या वरचा, समुद्राकडचा पट्टा घट्ट अडकलेलाच राहतो. चौघं कपाट उचलत असताना एकाने हात सैल केला की भार उरलेल्या तिघांवर येतो ना, तसं. कॅनडा-अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला, साधारण ९ तीव्रतेचा. (ही तारीख जपानी नोंदींतून लागली. तिकडे धक्का न जाणवताच त्सुनामी येऊन थडकली होती.) तेव्हापासून तो पट्टा अडकून आहे, आणि खालचा दर चौदा महिन्यांनी त्याच्यावर थोडा भार टाकतोय.

म्हणून तर शास्त्रज्ञ या हळू भूकंपांच्या मागे लागलेत. ११ मार्च २०११ च्या जपानच्या महाभूकंपाआधी लहान भूकंपांची रांग, तो जिथून फुटला त्याच जागेकडे सरकत गेली होती. तिथे आधीपासून हळू सरकणं चालू असावं, असा अर्थ काही जपानी संशोधकांनी लावला. पण बहुतेक हळू भूकंप येतात आणि काहीही न घडता थांबतात. एखादा आला म्हणजे मोठा येणारच, असं नाही. इशारा म्हणून त्यांच्याकडे बघायला लोक अधीर आहेत, मला तरी ती घाई वाटते. कुठला पट्टा अडकलाय आणि कुठला सैल आहे, याचा नकाशा मिळतो, हेच मला मोठं वाटतं. त्यासाठी न्यूझीलंडच्या गिस्बर्नसमोर २०१४ मध्ये समुद्रतळावर दाबमापक ठेवले होते. हळू भूकंप नेमका त्यांच्याखाली आला आणि तळ दीड ते साडेपाच सेंटिमीटर उचलला गेला. १९४७ मध्ये तिथेच मंद धक्क्यानंतर मोठी त्सुनामी आली होती. म्हणजे एकच भेग कधी हळू सरकते, कधी नाही. असं का, यावरच सध्या सगळ्यांचं डोकं चाललंय.

तर शाळेत काही सांगितलं असशील तर दुरुस्त कर, आणि चूक बाबांची होती म्हणून सांग. व्हिक्टोरियाचं केंद्र पुन्हा मागे फिरल्याचं वाचलं की फोन करतो.

तुझा,
बाबा