स्टेलाच्या गाण्याबद्दल रूथला पत्र

प्रिय रूथ,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र मिळालं. नाताळच्या उपासनेचं गायन यंदा स्टेलाकडे गेलं, आणि तेव्हापासून तिचा आवाज कानावर पडला की तुझ्या पोटात दुखतं, असं तू सरळ लिहिलंस. फार बरं केलंस. मत्सर सहसा खरं नाव सांगत नाही. ‘तिला तालाची जाण नाही’, ‘मंडळीत वशिला चालतो’ असं काहीतरी बोलत राहतो. म्हणून प्रार्थनेतही आडवळणाने बोलू नकोस. ‘प्रभू, मला प्रेमळ कर’ हे नंतर. आधी ‘प्रभू, ती जागा मला हवी होती’ एवढंच म्हण. वाईट वाटणं हे पाप नाही, रडू आलं तर रड.

मग बायबलातल्या १ शमुवेल या पुस्तकाचा १८वा अध्याय उघड. इस्राएलाच्या शौल राजाला मत्सर वाटला तो आपल्याच घरात वीणा वाजवणाऱ्या दाविदाचा. शौलाने हजारो मारले, दाविदाने लाखो, असं बायकांनी गायलं आणि दुसऱ्याच दिवशी राजाने त्याच्यावर भाला उगारला. मध्ये एकच रात्र! म्हणून असली गोष्ट उशाशी घेऊन झोपू नये.

त्याच अध्यायात, त्याच घरात शौलाचा मुलगा योनाथान आहे. दाविदामुळे खरं नुकसान त्याचंच होतं, गादीचा वारस तो. तरी त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य, कमरबंदसुद्धा काढून दाविदाला दिला. पुढे दावीद शौलाच्या भीतीने रानात लपला होता तेव्हा हा तिथे जाऊन त्याला देवाच्या नावाने धीर देऊन आला. त्याला आतून काय वाटत होतं ते शास्त्र सांगत नाही, त्याने हातातलं काय दिलं ते सांगतं. मला वाटतं, तुला हेच उपयोगी पडेल. मन हलकं होण्याची वाट बघू नकोस. आधी हात पुढे कर, मन मागून येईल. त्याला महिनाही लागेल, घाबरू नकोस.

स्टेलाला या दोन दिवसांतच भेट. ‘छान गातेस’ हे कोणीही म्हणतं. तू गाणारी आहेस, तेव्हा नेमकं सांग: दुसऱ्या कडव्यात ती वरचा सूर न ओढता कसा लावते ते सांग. वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नकोस, आणि ‘माझ्या वेळी’ तर नकोच. तुझा मत्सर तिच्याजवळ कबूल करू नकोस. तुझं ओझं उतरेल, पण तिला पुढे मोकळेपणाने गाता येणार नाही. ते माझ्याजवळ बोल. बायकांच्या प्रार्थनासभेत ‘स्टेलासाठी प्रार्थना करा, तिला नम्रता मिळो’ असंही म्हणू नकोस. ती चुगलीच होते.

निवडीत खरोखर अन्याय झाला असेल, तर पाळकसाहेबांशी जरूर बोल, पण नाताळ झाल्यावर, शांतपणे.

आणि तुझी ती गीतांची वही. कुठल्या गीताला काळी चारची पट्टी, कुठे केरव्याचा ताल, कुठे दादऱ्याचा, श्वास कुठे घ्यायचा, सगळं पेन्सिलीने टिपलेलं. रविवारच्या सरावाला जाताना ती पिशवीत टाक आणि स्टेलाच्या हातात दे. झेरॉक्स नको, तीच वही दे.

तुझीच,
शलोमी