‘हे कशावरून?’ विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

ज्ञानमीमांसेचा, म्हणजे आपल्याला जे कळतं ते कशाच्या आधारावर हे तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेचा, तास आमच्यातल्या निम्म्या जणांनी वेळापत्रकात दुसरं काही बसत नाही म्हणून घेतला होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा १६४१ सालचा तो फसवणारा राक्षस (आपल्याला दिसतं ते सगळं त्याने रचलेला भास असेल तर, ही शंका) परीक्षेपुरता पाठ करून आम्ही विसरूनही गेलो असतो. तुम्ही वर्गात पडदा लावून सिनेमे दाखवलेत म्हणून ते टळलं. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

सिनेमा संपल्यावर ‘कसा वाटला?’ असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ एवढंच विचारायचात आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचात. (ती शांतता फार जड जायची, हेही सांगून टाकतो.)

जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा १९५० सालचा ‘राशोमोन’, म्हणजे एका सामुराईच्या, जपानी योद्ध्याच्या, मृत्यूची प्रत्येकाने वेगळी सांगितलेली हकिगत, पाहून वर्ग एका सुरात म्हणाला, सत्य सापेक्ष असतं. तुम्ही ते फळ्यावरसुद्धा घेतलं नाहीत. सामुराई मेला, याबद्दल कुणाचं दुमत आहे का, असं विचारलंत. नव्हतं. मग एकेक साक्ष सोलायला लावलीत. दरोडेखोर म्हणतो, मी मारलं. बायकोच्या बोलण्यावरून ते तिच्या हातून घडलं असावं. मेलेला नवरा मांत्रिक बाईच्या तोंडून आत्महत्या सांगतो. खोटं बोलणारा सहसा गुन्हा झटकतो. इथे तिघंही तो आपल्याकडे ओढतात. म्हणजे शिक्षेची भीती हे त्या खोट्याचं कारण नव्हेच, स्वतःची छबी जपायची आहे. ‘सगळं पाहिल्याचं सांगणारा लाकूडतोड्या तरी तटस्थ आहे,’ असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, ‘मग तो किमती खंजीर गेला कुठे?’ तो त्यानेच लांबवला होता. शब्दप्रमाणासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञान खरं धरायला, सांगणारा आप्त, म्हणजे भरवशाचा, असावा लागतो ही नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांची, अट मला त्या दिवशी कळली. सत्य असतंच, साक्षीदार मात्र पारखून घ्यावे लागतात.

‘मेट्रिक्स’बद्दल आपलं जमलं नाही आणि अजूनही जमत नाही. तुम्हाला तो देकार्तपर्यंत न्यायला सोपा वाटायचा. त्यात नायक निओला कळतं की आपलं जग म्हणजे यंत्रांनी रचलेला आभास आहे. मला वाटतं, तो सिनेमा शंका उपस्थित करतो आणि लगेच मिटवून टाकतो. औषधासारखी लाल गोळी गिळल्यावर निओ जिथे जागा होतो तेच खरं जग, हे आपण मुकाट्याने मान्य करतो. ती दुसरी फसवणूक नाही कशावरून? त्याच्या आदल्या वर्षीचा, १९९८ चा ‘ट्रूमन शो’ मला उजवा वाटतो. ट्रूमनचं सगळं आयुष्य त्याच्या नकळत टीव्हीच्या सेटवर चाललेलं असतं, पण त्याला कुणी सत्य आयतं आणून देत नाही. आभाळातून दिवा कोसळतो, गाडीच्या रेडिओवर त्याच्याच हालचालींचं वर्णन ऐकू येतं, तीच माणसं त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा फिरताना दिसतात, आणि तो अनुमान बांधत जातो. आतल्या आत राहून भिंत ओळखणं, ही खरी कसोटी. तुम्ही माझं म्हणणं पूर्ण ऐकलंत आणि मान्य केलं नाहीत. दोन्हींबद्दल आभार.

सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशॉव्हच्या प्रयोगाला तुम्ही पाचच मिनिटं दिलीत, पण तो मनातून जात नाही. नटाचा एकच निर्विकार चेहरा, पुढे सूप आलं तर भूक, शवपेटी आली तर दुःख. चेहऱ्यावर ते नव्हतंच. जोड आपण दिली. बातमीतली दृश्यं पाहतानाही मी आता दोन शॉट्सच्या मधल्या सांध्याकडे बघतो.

अलीकडे इराणी दिग्दर्शक किआरोस्तामींचा १९९० चा ‘क्लोज-अप’ पाहिला. एक माणूस प्रसिद्ध दिग्दर्शक असल्याची बतावणी करतो, पकडला जातो, आणि सिनेमात ती खरीच माणसं स्वतःच्याच भूमिका करतात. शेवटी खऱ्या दिग्दर्शकाची आणि त्याची भेट होते तेव्हा आवाज मधूनमधून तुटतो. चित्रीकरण करणारे म्हणतात, यंत्रात बिघाड आहे. बाई, हा बिघाड खरा मानायचा का? आणि मानायचा, तर कशावरून?

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी