सुधाकाका पॉइंट

पुणे,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

दिवाळीला फोन केला नाही, गणपतीतही नाही, मला माहीत आहे. रागवायचं तर रागव, पण पत्र पूर्ण वाचून मग. इकडे सगळं ठीक. गुडघा तसाच, साखर गोळीवर आटोक्यात. हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे तिला आता घरातली सगळी धूळ दिसते आणि झाडू माझ्या हातात येतो.

आमची मुक्ता आपला तो राजगड-तोरणा-रायगड ट्रेक करतेय. नाताळच्या सुट्टीत, सात जण, चार दिवस. आणि पंधरा दिवस माझी झोप उडालीय. ती जातेय म्हणून नव्हे, ती आपल्यापेक्षा शंभरपट शहाणी आहे. कारण वेगळंच आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. नंदूला सांगणं म्हणजे पेपरात जाहिरात देणं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तिने लॅपटॉप उघडून मला शेजारी बसवलं. राजगडावर मुक्कामाला पुरातत्त्व खात्याने मनाई केलीय, तेव्हा पद्मावतीच्या देवळात पथारी टाकायचे दिवस गेले. पहिली रात्र गुंजवण्यात. पहाटे चोर दरवाजाने वर, संजीवनी माची शेवटपर्यंत चालून अळू दरवाजातून बाहेर, मग धारेने खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर. तिथेच तंबू. दुसऱ्या दिवशी बुधला माचीवरून तोरणा, मेंगाईला हात जोडून परत बुधल्याकडे आणि भगत दरवाजाने गेळगाणीच्या बाजूला खाली. तिसऱ्या रात्री मोहरी गावात. मेंगाईच्या देवळात रात्री काय काय होतं ते मी सांगायला लागलो, तर म्हणाली, "बाबा, तिथे झोपणारच नाही आहोत, भूत वाया जाईल."

मोहरीवरून मात्र आमचं वाजलं. तिला बोराट्याच्या नाळेने, त्या कड्यातल्या घळीतून, उतरायचं होतं, लिंगाण्याचा सुळका जवळून बघायला. मी म्हटलं, पाठीवर तंबू घेऊन त्या धोंड्यांतून उतरायचं आणि पुढे लिंगाण्याकडची ती आडवी वाट, एका हाताला कातळ आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही! लिंगाणा रायलिंगच्या पठारावरून बघ ना. समोर उभा असतो, त्याच्या मागे रायगड, आणि आपले पाय सपाटीवर. शेवटी सिंगापूरची नाळ ठरली. खाली दापोली, वारंगी, काळ नदी ओलांडून रायगड. पायऱ्या चढूनच जाणार म्हणे, रोपवे नको. तू मात्र तेव्हा रोपवेनेच वर गेला होतास, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. निदान तेवढी मैत्री मी पाळलीय.

मी पाण्यावर व्याख्यान दिलं. डिसेंबरात ओढ्यांवर विसंबायचं नाही, माणशी चार लिटर घ्या, वस्ती दिसली की आधी बाटल्या भरा मग गप्पा मारा. तिने सगळं मुकाट्याने लिहून घेतलं. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "आता ती जागा दाखवा. सुधाकाकाने चुकीची वाट धरली ती."

सुध्या, तिने तिथे खूण घालून ठेवलीय. अंदाजाने. नाव दिलंय 'सुधाकाका पॉइंट'. सातही जणांच्या मोबाइलमध्ये ती गेलीय.

मी पाणी प्यायला उठलो आणि बराच वेळ पाणीच पीत राहिलो.

आता तू मोठ्याने हसत असशील, किंवा शिव्या देत असशील. दोन्ही चालेल. ढोरवाट मीच धरली होती. नंदूने कॅन लवंडला होता, बाळ्याचं अंग तापलं होतं, आणि मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं की ढोरं जातात तिथे पाणी असणारच. तू म्हणालास, "ढोरं चरायलाही जातात." हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. धार सोडू नका म्हणून तू अर्धा तास भांडलास, मग चिडून गप्प बसलास आणि सगळ्यांच्या मागून चालत राहिलास. मग ती कारवी, तो अंधार, आणि पुढे एकदम जमीनच संपली. रात्रभर एका लिंबाच्या चार फोडी चोखत बसलो. सकाळी त्या धनगराच्या आजीने ताक दिलं आणि वर आपल्यालाच विचारलं, "कोनाची पोरं रं तुमी? आईबाप हायत का?"

घरी आल्यावर आमच्या वडिलांसमोर तुझं नाव कसं पुढे आलं ते तुला ठाऊक आहे. तू तेव्हा बडोद्याला गेलेला, म्हटलं याला काय फरक पडतो. पुढे लग्नात सांगितलं, मग मुक्ताला झोपवताना सांगितलं. दर वेळी थोडं मीठमसाला वाढत गेलं. तिच्या लहानपणी तर तुझ्या हातात होकायंत्रही आलं होतं, आणि तू ते उलटं धरलं होतंस.

माफी मागायचीच आहे, पण खरी पंचाईत पुढे आहे. नकाशावर मी ती जागा शोधायला लागलो आणि मला ती सापडेना. डोळे मिटले की कारवीतून तू पुढे चाललेला दिसतोस, निळ्या टोपीत, आणि मी मागून ओरडतोय. तीस वर्षं सांगून सांगून मलाच तसं दिसायला लागलंय! तो फाटा गेळगाणीच्या अलीकडे होता की पलीकडे? आजीचं घर उजव्या हाताला होतं ना? का सकाळी आपण उलटे आलो म्हणून उजवीकडे वाटलं? मुक्ताला म्हटलं, तुझं ते जीपीएस तिकडे रेंज नसताना काय करणार? ती म्हणाली, "बाबा, जीपीएसला रेंज लागत नाही." मान्य. वाट तिला तो मोबाइल दाखवेल. पण संध्याकाळी पाणी संपलेलं असताना कुणीतरी म्हणेल, सुधाकाका पॉइंट तर अजून यायचाय, म्हणजे आपण बरोबर आहोत. आणि खूण भलतीकडे. रात्री दोन वाजता मला एवढंच दिसतं.

तुझी ती तांबडी वही आहे का रे? ज्यात तू वडापावचेसुद्धा पैसे लिहायचास आणि आम्ही तुला कारकून म्हणायचो. त्यात वेळा होत्या. भगत दरवाजा किती वाजता सोडला, पहिलं घर किती वाजता, तेवढं कळलं तरी जागा निघेल. वही माळ्यावर असेल तर स्वतः चढू नकोस, पोराला चढव.

बाय द वे, राजगड आणि रायगड गेल्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. बारा किल्ले आहेत, तोरणा नाही. दोन्हीकडे मानकरी आणि मधल्याने नुसतं चालायचं! बाळ्याला कळवलं तर म्हणाला, मधला भाऊ आहे तो, माझ्यासारखा.

काकूंची तब्येत कशी आहे? वहिनींची बदली झाली का, की थांबली? तुझ्या व्हीआरएसचं बाळ्याकडून कळलं, बरं केलंस. सविस्तर लिही.

मुक्ता विचारत होती, बाबा तुम्ही येता का मोहरीपर्यंत, गाडीने. बघू. तू येत असशील तर गुडघ्याचं काहीतरी करता येईल.

तुझा नंबर मी तिला दिलाय. पुढच्या रविवारी सकाळी दहाला ती तुला फोन करणार आहे, ती जागा विचारायला. तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव. मी त्या वेळी दळण आणायला गेलेला असेन.

तुझा,
विन्या