निकोडेमसबद्दल, संदीपला

प्रिय संदीप,

तू मागे विचारलेलंस ना की कॅन्ससमध्ये गव्हाच्या शेतांशिवाय बघण्यासारखं आहे तरी काय, तर ते फोनवर सांगून होणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. ग्रॅहम काउंटीत निकोडेमस नावाची टाऊनशिप आहे, राज्याच्या वायव्येला, हायवे २४ वर. आजूबाजूला नुसतं उघडं माळरान, गाडी जरा जोरात असली तर गाव कधी मागे पडलं ते कळतही नाही. हे गाव १८७७ मध्ये वसवलं केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी, आणि त्यातले बरेच जण गुलामीत जन्मलेले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं सैन्य काढून घेतलं होतं आणि १८६५ मध्ये गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांचे तिथे पुन्हा हाल सुरू झाले होते. मला सारखं आठवत होतं की जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं, आणि त्यानंतर चारच वर्षांत ही माणसं बायकामुलं घेऊन जमिनीसाठी निघाली.

तू भूमी अभिलेखात आहेस म्हणून मुद्दाम सांगतो, इथली मोजणी बघून तू खूष होशील. सगळा मुलुख चौकोनात आखलेला, सहा मैल बाय सहा मैलाची एक टाऊनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तो चौथा हिस्सा मिळायचा, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं आणि जमीन कसायची. डब्ल्यू. आर. हिल नावाचा गोरा जमीन प्रमोटर आणि रेव्हरंड डब्ल्यू. एच. स्मिथ, हा कृष्णवर्णीय, या दोघांनी गावाची कंपनी काढली आणि केंटकीत जाहिराती वाटल्या.

जाहिरातीत काय होतं आणि इथे आल्यावर काय दिसलं हे विलियाना हिकमन या बाईंनी सांगून ठेवलंय. त्या १८७८ मध्ये आल्या. रेल्वेने एलिस गावापर्यंत, तिथे मुक्कामात गोवराची साथ आली, लेकरं गेली, मग तिथून पुढे रस्ता नाही, होकायंत्र बघत माळावरून वाट काढायची. पुरुष ओरडायला लागले की आलं निकोडेमस! या बाई डोळे ताणून बघतायत, कुठाय गाव? नवऱ्याने बोट दाखवलं तर जमिनीतून धूर निघत होता. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते रे, वर फक्त चुलीचा पाइप. बाईंना रडूच फुटलं. ते बघूनच कितीतरी कुटुंबं परत फिरली.

पहिला हिवाळा तर भयंकर. जनावरं नाहीत, नांगर नाही, कुदळ-फावड्याने जमीन फोडायची. जळणाला झाडं नाहीत म्हणून सूर्यफुलाची वाळलेली ताटं आणि गवे चरून गेले त्यांच्या गोवऱ्या. शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं मांस दिलं म्हणून निभावलं. ज्यांची स्वतःची जमीन सरकारने काढून घेतलेली त्यांनी दिलं, हे मला विसरता येत नाही.

पण बहुतेक लोक हालअपेष्टांची गोष्ट सांगून थांबतात आणि मला वाटतं खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. दहा वर्षांत तिथे दुकानं, बँक, हॉटेल, शाळा, चर्चेस, दोन वर्तमानपत्रं! इथे येऊन राहिलेला एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये अख्ख्या कॅन्ससचा स्टेट ऑडिटर, म्हणजे राज्याचा हिशेब तपासनीस म्हणून निवडून आला. आता फक्त रेल्वे हवी होती. १८८७ मध्ये टाऊनशिपने मतदान घेऊन मिसूरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे बाँड मंजूर केले. म्हणजे बघ, बावीस वर्षांपूर्वी ज्यांचा स्वतःच्या अंगावर हक्क नव्हता ती माणसं मत टाकून आपल्या जमिनीवर कर्ज काढत होती, गावाच्या भविष्यासाठी. माझ्या दृष्टीने या टाऊनशिपच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस तो.

ती रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते जवळच्या नदीच्या दक्षिणेकडून, काही मैल लांबून, आणि निकोडेमस होतं त्या नदीच्या उत्तरेला. दुकानदारांनी अक्षरशः दुकानं उचलून रुळाशेजारच्या कॅम्पात नेली, तेच आजचं बोग गाव. निसर्गाने जे केलं नाही ते एका नकाशावरच्या रेघेने केलं, याचा मला फार राग येतो.

तरी शेतकरी राहिले, कारण जमीन त्यांच्या नावावर होती. दुकान हलवता येतं, १६० एकर कसं हलवणार? पुढे मंदी आली, धुळीची वादळं आली, लोक पांगले, १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं. पण १९३९ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीच्या दगडाचा टाऊनशिप हॉल बांधला तो अजून भक्कम उभा आहे, त्यातच नॅशनल पार्कवाल्यांचं माहिती केंद्र, कारण १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. काही वंशजांकडे ती जमीन आजही आहे.

दर वर्षी जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी होमकमिंग असतं, म्हणजे बाहेर गेलेल्यांनी गावी परत यायचा सण. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या वेस्ट इंडीजमधली गुलामी १ ऑगस्ट १८३४ ला कायद्याने संपली, तो दिवस हे लोक आधीपासून साजरा करायचे, त्याचंच हे आजचं रूप. देशभरातून पोरंबाळं, म्हातारी माणसं येतात, परेड असते, जेवणं असतात. व्हिसाचं झालं की त्याच सुमारास ये, विचिटाहून आपण गाडीने जाऊ. आणि काउंटीच्या ऑफिसात जुनी जमिनीची रेकॉर्डं असतीलच, ती तू मला समजावून सांग, मला त्यातलं काही कळत नाही.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
अभय