जुन्या मोटारींचे ॲव्हरेज : मित्रास पत्र

पुणे

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. विजेवरची गाडी घ्यावी की नाही, या विचारात तू अडकला आहेस हे समजले. पण त्या ओघात ‘वाटेत बंद पडेल की काय ही धास्ती पेट्रोलच्या गाडीला कधीच नव्हती’ असे जे तू ठोकून दिले आहेस, ते मला मुळीच मान्य नाही आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच. माझे म्हणणे असे की, मोटारींच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत गाडीचा पल्ला नुसत्या ॲव्हरेजवर ठरत नसे. पाणी किती लागते, चढ केवढा आहे आणि वाटेतल्या गावात काय विकत मिळते, यांवर तो अधिक ठरत असे.

जर्मनीतल्या कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीचेच घे. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था त्याला न सांगता, युजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या थोडे वर. गाडीला वेगळी टाकी नव्हती. कार्ब्युरेटरमध्येच, म्हणजे इंधनाची वाफ हवेत मिसळणाऱ्या भागातच, साधारण साडेचार लिटर इंधन मावत असे आणि शंभर किलोमीटरला सुमारे दहा लिटर लागत, म्हणजे एका भरण्यात हिशेबाने ४५ किलोमीटर. त्यातही ते कार्ब्युरेटर इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा ओढून वाफ घेणारे असल्यामुळे हलका अंश आधी उडून जाई आणि जड अंश मागे राही, त्यामुळे शेवटचे लिटर पहिल्या लिटरइतके कामाचे नसे. वाटेत वीस्लोख गावी औषधांच्या दुकानातून बर्थाने लिग्रोइन हे पेट्रोलसारखे द्रव इंधन म्हणून विकत घेतले. ते तिथे कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी विकायला ठेवलेले असे! इंधनापेक्षाही पाण्याने तिला अधिक वेळा थांबवले, कारण इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई आणि ते ओढ्यातून, विहिरीतून पुनःपुन्हा भरावे लागे. चढावर तर मुलांना गाडी ढकलावी लागली.

वाफेच्या गाड्यांची गोष्ट याहून गमतीची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॅन्ली या जुळ्या भावांच्या गाडीत वापरलेली वाफ थेट हवेत सोडून दिली जाई, त्यामुळे मैलाला साधारण गॅलनभर पाणी लागे आणि तीस ते पन्नास किलोमीटरांत पाण्याची टाकी रिकामी होई, मग जाळण्याचे तेल कितीही शिल्लक असो. उपाय म्हणून गाडीसोबत एक रबरी नळी असे. रस्त्याकडेच्या घोड्यांच्या हौदात तिचे टोक बुडवायचे आणि बॉयलरच्याच वाफेच्या जोराने पाणी टाकीत ओढून घ्यायचे. १९१४ मध्ये त्या भागात गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत रोग पसरला आणि सरकारने ते हौदच बंद केले. गुरांच्या साथीने मोटारी अडवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. पुढच्याच वर्षी वाफेचे परत पाणी करणारा कंडेन्सर स्टॅन्लींच्या गाडीत आला.

आता तुझी आवडती फोर्ड मॉडेल टी. टाकी दहा अमेरिकी गॅलनांची, म्हणजे सुमारे ३८ लिटर, आणि ॲव्हरेज लिटरला साडेपाच ते नऊ किलोमीटर. म्हणजे पल्ला दोनशे ते साडेतीनशे किलोमीटर, कागदावर चांगलाच. पण इंधनकाटा नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली असल्यामुळे माणसांना खाली उतरवायचे, गादी उचलायची, झाकण फिरवून काढायचे आणि लाकडी पट्टी बुडवून ती कुठवर ओली होते ते पाहायचे. पेट्रोल एखाद्या पंपाच्या जोराने नव्हे, तर नुसत्या उतारानेच इंजिनाकडे वाहत असे, म्हणून टाकी निम्म्यावर आली की खड्या चढावर इंजिनाला ते पोहोचत नसे आणि गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये घाट चढावा लागे.

तू विचारशील की जेमतेम साडेपाचशे किलोची, वीस अश्वशक्तीची गाडी इतके पेट्रोल का खाते? कारण इंजिनातील दाब. आजच्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दहा पटींहून अधिक दाबले जाते, तर मॉडेल टीमध्ये साधारण चार-साडेचार पट. त्याहून जास्त दाबले की त्या काळचे हलक्या प्रतीचे पेट्रोल ‘नॉकिंग’ करी, म्हणजे वेळेआधीच भडकून इंजिनात ठोके देई, म्हणून तीन लिटरांच्या जवळपास आकाराच्या इंजिनातून एवढीच शक्ती मिळे आणि बरीचशी उष्णता वाया जाई. १९२१ मध्ये थॉमस मिज्ली या अमेरिकी संशोधकाने शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबवले आणि दाब वाढवण्याची वाट मोकळी झाली. त्या शिशाने हवेची जी नासाडी केली ती आपण भारतात २००० सालापर्यंत सोसली.

विजेच्या गाड्याही तेव्हा होत्याच. डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनी जाहिरातीत एका चार्जवर ८० मैल सांगे, आणि एका चाचणीत तिची गाडी २११ मैल गेली. ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला ते जमतेही. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः हीच गाडी चालवत असे, हे मला फार आवडते. तेव्हा शोरूममधला पोरगा तुला जो आकडा सांगेल, तो कोणत्या वेगाला आणि किती माणसे बसवून मिळाला, एवढे त्याला आधी विचार आणि मगच मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश