डोळ्याच्या खोबणी मोजणं हे रिकामं काम नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पुतणी एमबीबीएसला आहे, ती सुट्टीत दापोलीला आली आणि म्हणाली आम्ही कवटीतल्या डोळ्यांच्या खोबणी मोजतोय, तर घरातले सगळे तिच्यावर तुटूनच पडले, मेलेल्या माणसाची हाडं मोजून कुणाचं काय भलं होणार म्हणून. मला ते फार लागलं, कारण आमच्याच घरात त्याचा उपयोग झालाय.

धाकट्या भावाच्या मुलाला मॅचमधे सीझन बॉल डोळ्याखाली लागला. डोळा शाबूत, पण वर बघितलं की एकाचे दोन दिसायचे. खोबणीची जमीन अंड्याच्या टरफलासारखी पातळ असते, खाली पोकळी, ती जमीन फुटून डोळा फिरवणारा स्नायू फटीत अडकला होता. सर्जननी तिथं टायटॅनियमची जाळी बसवली आणि आकार चांगल्या बाजूच्या सीटी स्कॅनवरून घेतला. तेव्हा त्यांनी 24-12-6 सांगितलं ते अजून डोक्यात आहे, म्हणजे नाकाकडच्या भिंतीवर खोबणीच्या कडेपासून आत साधारण 24 मिमीवर एक रक्तवाहिनी, पुढं 12 वर दुसरी, आणि तिथून फक्त 6 मिमीवर नजरेची नस. हे आकडे सरासरी आहेत, माणसागणिक बदलतात, आणि तिथं दोन-तीन मिमीची चूक म्हणजे नजर गेली. मग आपल्या लोकांची मापं आपल्याकडं नकोत का?

मोजायला लागतं काय तर व्हर्नियर कॅलिपर आणि चिकाटी. खोबणीची उंची साधारण 35 मिमी, रुंदी 40, उंचीला रुंदीनं भागून शंभरनं गुणायचं. 83 च्या आत आलं तर खोबण बसकी, 89 च्या वर उंच, मधलं मध्यम.

काहींना कवटी मोजणं म्हटलं की जातपात आठवते, ते बरोबरच आहे, इंग्रज अधिकारी रिस्लेनं नाकं मोजून जाती वर-खाली लावल्या होत्या. पण इरावती कर्वेपण, म्हणजे आपल्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांची सून, जर्मनीत कवट्याच मोजत होत्या. गाईडचं म्हणणं होतं की गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, बाईंनी मोजलं आणि तसं काही नाही असं त्यालाच लिहून दिलं! आणि कोकणात घाऱ्या डोळ्यांचं एवढं कौतुक, पण रंग बुबुळात असतो, हाडात त्याचा मागमूस नसतो.

माझी मागणी एवढीच की कोकणातल्या हॉस्पिटलात डोक्याचे जे सीटी स्कॅन रोज निघतात ते नाव-गाव काढून, पेशंटला विचारून, मापांसाठी वापरावेत. आणि देहदानाचा फॉर्म कुठं मिळतो, कुणाची सही लागते, बॉडी न्यायला गाडी येते का, हे तुमच्या पेपरनं जिल्ह्यानुसार एकदा नीट छापावं. मला भरायचाय, बायकोची संमती मिळालीय, मुलाशी बोलणं चालू आहे.

आपला,
एक वाचक, दापोली